प्रकरण अकरावे : एका शेगडीवर दोन पातेली

वाचकहो, मागील प्रकरणात माझे सासरे, वृद्ध साव्वा कोर्झाविन यांना मातीत ठेवल्यानंतर त्यांचे कुटुंब नदीच्या दोन किनाऱ्यांसारखे समोरासमोर कसे उभे राहिले, हे आपण पाहिले. प्रस्तुत प्रकरणात मी पुढील वृत्तांत यथाशक्ती कथन करणार आहे : आमची तैसिया (घरात तिला ताया म्हणतात), जिच्या गळ्यातील जगज्जेतेपदाच्या पदकांची फीतदेखील एव्हाना विटली होती, ती मातृत्वानंतर पुन्हा पाण्यात कशी उतरली, तिच्या मार्गात तिची जन्मदात्रीच कशी उभी होती, आणि ह्या सर्वाला डुकराच्या पायांचा पातेलेभर रस्सा कसा निमित्त झाला. काही मी ह्या डोळ्यांनी पाहिले. जे इतरांच्या मनात घडले, ते त्यांनी मला पुढे सांगितले आणि त्यांच्या अनुमतीनेच मी ते लिहीत आहे.

जून महिना होता. दरवर्षीप्रमाणे पेर्म नगराच्या आमच्या भागातील गरम पाण्याचे नळ दुरुस्तीसाठी बंद झाले होते. नळाला येत होते ते कामा नदीच्या तळातून नुकतेच उठून आल्यासारखे गारढोण पाणी. अशा दिवशी, दुपारी होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी, माझ्या सासूबाई आग्राफेना तिमोफेयेव्ना यांच्या चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात शेगडीवर दोन पातेली मंद आचेवर होती. दोन्ही पांढरी, दोन्हींच्या काठावर निळी रेघ. सासूबाईंना ती लग्नात जोडीने मिळाली होती.

एका पातेल्यात जिलेटिन विरघळत होते. कलात्मक जलतरणात मुलींचे केस घट्ट अंबाडा बांधून जिलेटिनने लिंपतात. ते वाळले म्हणजे काचेसारखे कडक होते आणि थंड पाण्यात कितीही उलटेपालटे झाले तरी एक केस हलत नाही. सासूबाईंच्या हातच्या जिलेटिनला गाठ म्हणून होत नसे. म्हणून नगरातील मुलींची डोकी ह्याच स्वयंपाकघरात लिंपली जात. ह्या प्रथेचा आरंभ सासूबाईंची थोरली लेक, तैसियाची आई आणि पहिली प्रशिक्षक रिम्मा साव्विच्ना हिने केला होता.

दुसऱ्या पातेल्यात खलोदेत्सचा रस्सा होता. रात्रभर शिजवून, गाळून, निवळशंख केलेला. तो ताटांत ओतून थिजवला की मेजवानीचे पहिले पक्वान्न सिद्ध होते.

"आई, विजयाआधीच विजयाचं जेवण?" माझी पत्नी क्लावदिया म्हणाली. "अपशकुन व्हायचा गं."

"विजयाचं कुणी म्हटलं?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या रविवार आहे. रविवारी माणसं जेवत नाहीत का?"

"आणि विजय कुणाचा, ते तरी ठरलंय का?" मी विचारले.

"जावईबापू, तुम्ही कांदे चिरा."

हा प्रश्न मात्र त्या दिवशी त्या घरातील हवेत वाफेसारखा भरून राहिला होता. प्राथमिक फेरीत तैसिया दुसरी आली होती. पहिली आली होती पोलिना वेर्शिनिना, एकोणीस वर्षांची, रिम्माने घडविलेली. एकल प्रकारात जी जिंकेल, तीच जागतिक स्पर्धेला जाणार होती. तैसियाचे वय एकतीस. ही संधी गेली तर तिला पुढची मिळणार नव्हती, हे तिला माहीत होते आणि तिच्या आईलाही.

मायलेकींमध्ये सहा वर्षे शब्द नव्हता. त्याचे कारण पाचव्या प्रकरणात विस्ताराने आले आहे. येथे एवढेच पुरे, की तैसिया जेव्हा आईला सोडून राजधानीतील प्रशिक्षिकेकडे गेली, तेव्हा ते तिने स्वमुखाने सांगितले नाही. आजीकडून निरोप धाडला. रिम्मा त्यावर म्हणाली होती, "जिनं मला निरोप पाठवला, तिला माझ्याकडूनही निरोपच मिळेल." आणि ती दगडावरची रेघ ठरली.

तर त्या सकाळी आधी तैसिया आली. पाठोपाठ तिचा नवरा दानिला, कडेवर त्यांची वर्षाची लेक आग्निया. तैसिया खुर्चीत बसली, सासूबाईंनी तिच्या मानेवर टॉवेल टाकला आणि ब्रश हाती घेतला, तोच दाराची घंटा वाजली. दारात रिम्मा आणि पोलिना.

"बाई, आपण नंतर येऊ या का?" पोलिना हळूच म्हणाली.

"का नंतर? हे माझ्या आईचं घर आहे," रिम्मा म्हणाली आणि आत येऊन थेट नातीकडे वळली. "ये गं माझी साय. तुझ्या आईला सांग, शेवटच्या भोवऱ्याची काठिण्यपातळी कमी करून घे म्हणावं. बाळंतपणानंतर दम पूर्वीसारखा राहत नाही."

आग्नियाने बोट तोंडात घातले.

"आजी," तैसिया समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "आईला सांग, पातळी जाहीर करून झालीय. आणि दम माझा आहे."

"ताया सांगतेय, पातळी जाहीर झालीय," सासूबाई ब्रश न थांबवता म्हणाल्या. "दम तिचा आहे."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

"मग मला कशाला मध्ये घालता? ह्या वयात पोस्टमन व्हायचं का मी?"

नवीन नियमांप्रमाणे, आपण काय करणार हे खेळाडूला आधीच जाहीर करावे लागते. जाहीर केल्यापेक्षा एक फेरा जरी उणा पडला, तरी त्या प्रकाराचे गुण जवळजवळ नाहीसेच होतात. तैसियाने भोवरा जाहीर केला होता. उलटे होऊन, पाय आकाशाकडे ताणून, फिरत फिरत घोट्यांपर्यंत बुडत जाणे. हा भोवरा तिला लहानपणी रिम्मानेच शिकविला होता. बर्फावर फिरणाऱ्या भोवऱ्याला टाच नसते, त्याला मध्येच टेकता येत नाही, असे ती सांगे.

दोन डोकी, एक आजी आणि वेळ थोडा. म्हणून क्लावदिया पुढे सरसावली. धाकटी असल्याने ती आजन्म मोठ्या बहिणीच्या बाजूची. "ताई, पोलिनाचं मी करते. आईचं बघून बघून हात बसलाय माझा." तिने दुसरी खुर्ची ओढली, नवा ब्रश काढला आणि शेगडीवरच्या पातेल्यात बुडविला. दानिला बाळाला घेऊन खिडकीशी गेला. मी कांद्यांमुळे रडत होतो. मांस, तमालपत्र आणि मिरी यांच्या वासाने ते स्वयंपाकघर असे भरले होते, की कोणत्या पातेल्यातून कोणता वास येतो हे देवालाही सांगता आले नसते.

दोन्ही मुली पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. दोघींचे हात मात्र मांडीवर चालू होते, कारण ह्या खेळातील मुली स्वस्थ बसल्या तरी त्यांचे हात संगीताच्या आठ-आठ मात्रांवर पोहत असतात.

"ताई," पोलिना मान न वळवता म्हणाली, "तुमची ती जुनी रचना मी लहानपणी गादीवर करायचे. पलंगावरून दोनदा पडले."

"कुठल्या जागी?"

"भोवऱ्याच्या."

"मीही तिथंच पडायचे," तैसिया म्हणाली. "आणि पडले की आई म्हणायची, पाणी तुला उचलतंय, पलंग नाही उचलणार."

"बाई आम्हालापण तेच म्हणतात."

रिम्मा खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मला तिने पुढे सांगितले, की त्या क्षणी तिला खोलीतून निघून जावेसे वाटले होते.

प्रथम तैसियाचे डोके पुरे झाले. ती उठली, आरशासाठी वळली, आणि तिची दृष्टी पोलिनाच्या कपाळावर पडली. तेथे एक थेंब चमकत होता. जिलेटिन वाळू लागले की त्याची चमक ओढली जाते. हा थेंब वाळत नव्हता. तो सावकाश, तुपाच्या थेंबासारखा, भुवयांच्या मधून नाकाकडे उतरत होता.

तैसियाला सर्व क्षणार्धात उमगले. तो रस्सा होता. त्यातील चरबी केस धरू देणार नाही, आणि त्याहून वाईट, ती नाकावर उतरेल. पाण्यात नाकपुड्या बंद ठेवणारी नाकाची चिमटी स्निग्ध कातडीवर टिकत नाही. पाण्याखाली उलटे असताना चिमटी सुटली, की पाणी थेट मस्तकात चढते. असा प्रसंग तिच्यावर एकदा आला होता. त्यानंतर आठवडाभर तिचे डोके ठणकत होते.

तिने मला पुढे प्रांजळपणे सांगितले, "काका, मी लगेच नाही बोलले. मी विचार केला, हे माझं काम नाही. ब्रश मावशीचा, पोरगी आईची. मी फक्त आरशात बघितलं. आणि आरशात माझं डोकं इतकं सुंदर झालं होतं, की मला स्वतःची शिसारी आली."

ती वळली.

"आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी सवयीने "काय गं?" म्हटले. परंतु तैसिया त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"आई, पोलिनाचं डोकं धुवायला हवं. तिला रस्सा लावलाय."

स्वयंपाकघरात सर्व हात थांबले. सहा वर्षांनी आलेली ती हाक रिम्माने ऐकली, पण मनुष्याचा अभिमान हा गंजलेल्या नांगरासारखा असतो. तो एका ओढीने वर येत नाही.

"आई," रिम्मा सासूबाईंना म्हणाली, "तिला विचार, हे निघायच्या वेळेलाच बरं सुचलं. जिलेटिन धुतलं की पुन्हा वाळायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी काही म्हटलं नाही. मी आईशी बोलतेय."

"रिम्मा," सासूबाई म्हणाल्या आणि पोलिनाजवळ आल्या. त्यांनी तिच्या कपाळावरून बोट फिरविले आणि ते बोट तोंडात घातले. आम्ही सर्व त्यांच्या मुखाकडे पाहत राहिलो.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तमालपत्र जरा जास्त झालंय."

क्लावदियाने हातातला ब्रश नाकाशी नेऊन हुंगला.

"क्लावदिया, डोळे कुठं होते तुझे?" रिम्मा कडाडली. "का मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम?" माझी पत्नी एरवी मृदू स्वभावाची. "सहा वर्षं तुझ्या बाजूनं बोलले, पाठच्या बहिणीसारख्या भाचीला सणाला घरी बोलावलं नाही, आणि मी मुद्दाम? पातेली एकसारखी, तुमचं दोघींचं तोंड दोन दिशांना, त्यात माणसानं बघायचं तरी कुठं? तायाच बरी. तिनं निदान सांगितलं. नसती बोलली तर तिचं काय जाणार होतं?"

रिम्माने पोलिनाच्या डोक्याला हात लावला, बोटे एकमेकांवर घासली. बोटे घसरली.

"बाई," पोलिना रडवेली झाली होती, "थंड पाण्यानं निघेल का?"

"चरबी थंड पाण्यानं निघाली असती तर गृहिणींनी सोडा कशाला घेतला असता?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, कांदे पुरे. किटली."

त्यानंतर त्या घरात जी धावपळ झाली, ती मी आयुष्याची बरीच वर्षे ज्या ओढबोटीवर काढली, तिला भोक पडले तेव्हाही झाली नव्हती. नळ बंद, शेगडीला चार तोंडे. चारही तोंडांवर पाणी चढले. दानिलाने बाळ माझ्या कडेवर दिले आणि बादल्या घेऊन खालच्या मजल्यावरील वोद्यान्निकोव यांच्याकडे पळाला, कारण त्यांच्याकडे पाणी तापविण्याचे यंत्र होते. वोद्यान्निकोवबाईंशी सासूबाईंचे जिन्यातील गालिच्यावरून वैर होते, पण त्यांनी बादल्या भरून तर दिल्याच, शिवाय स्वतः एक वर आणली आणि शेगडीकडे पाहून विचारले, "डोक्याला रस्सा? हा नवीन नियम का?"

"जुना," सासूबाई म्हणाल्या. "बाई, पाणी ठेवा आणि बसा."

पोलिना बेसिनवर वाकली. रिम्मा पाणी ओतायला पुढे झाली, तेव्हा तैसियाने तिच्या आधी बाही सारली.

"मी धुते. तू नवीन जिलेटिन हलव, गाठ होईल. आजी थकलीय."

आणि वाचकहो, रिम्मा निमूटपणे शेगडीकडे गेली. जिचा शब्द खाली पडू देण्याची जलतरण तलावावर कोणाची प्राज्ञा नव्हती, ती पातेले हलवू लागली. परंतु पातेल्यात उरलेले पुरे नव्हते. घरातील पाकीट संपले होते.

"अर्धंच डोकं होईल," ती स्वतःशी म्हणाली.

"अर्ध्यावर भागव," तैसिया साबण चोळत म्हणाली. "पातळ लाव, पण कपाळाकडून मागे. तूच शिकवलंयस. मला आजीनं दोन हात दिलेत, तिला एक पुरेल. तिचे केस दाट आहेत."

"ताई, तुम्ही मला का धुताय?" बेसिनमधून पोलिनाचा आवाज आला.

"तुला चिमटी सुटून नाकात पाणी गेलं, तर मी जिंकेन. मग आयुष्यभर लोक म्हणतील, ती रश्श्यानं जिंकली. डोळे मीट."

निघण्याची वेळ झाली. प्रवासाआधी क्षणभर बसण्याची आमची रीत कितीही घाई असली तरी चुकत नाही. आम्ही जो जेथे होतो तेथे बसलो. पोलिना आणि तैसिया एकाच बाकावर, दोघींची डोकी चमकणारी. रिम्मा बसायला जागा शोधत उभी होती. तैसिया थोडी सरकली. रिम्मा बसली.

दारात तैसिया पोलिनाला म्हणाली, "तुझं पीस न पीस झडो."

आमच्याकडे शुभेच्छा अशा शापाच्या रूपात देतात, आणि त्याला शापानेच उत्तर द्यायचे असते, नाहीतर यश रुसते. पोलिना लाजली. थोरांना असे कसे म्हणावे?

"म्हण ना," रिम्मा म्हणाली.

"सैतानाकडे जा, ताई."

तलावाच्या गच्च भरलेल्या सज्जात मी बाळाला घेऊन बसलो होतो. पोलिना आधी उतरली. मी तिच्याविषयी एक शब्दही कमी लिहिणार नाही. ती उत्कृष्ट पोहली. अंबाडा दगडासारखा राहिला, चिमटी हलली नाही. गुणफलकावर तिचे नाव सर्वात वर गेले आणि क्लावदिया शेजारी पुटपुटली, "धुतलं कशाला मग एवढं." मग स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात मारला.

शेवटी तैसिया.

ती काठावर आली. ह्या तलावात ती पाच वर्षांची असताना तिने तळाशी पडलेले नाणे काढण्यासाठी प्रथम बुडी मारली होती. संगीत सुरू झाले. आरंभी तिने पाण्यातून अशी उसळी घेतली, की कमरेपर्यंतचे शरीर क्षणभर हवेत स्थिर उभे राहिले. मी आयुष्यभर नदी पाहिली आहे. पाणी मनुष्याला असे मानाने वर उचलून धरते, हे मी तिच्याखेरीज कोणाच्या बाबतीत पाहिले नाही.

मी रिम्माकडे पाहिले. ती प्रशिक्षकांच्या जागेवर, पोलिनाच्या शेजारी, हात पाठीमागे बांधून उभी होती. पाठीमागील बोटे मोजत होती. आठ, पुन्हा आठ. पुढे तिने मला सांगितले, "पँतेलेय, मला तिची चूक कुठं होते ते ठाऊक होतं. चौथ्या आठात ती डावा खांदा सोडते. नऊ वर्षांची होती तेव्हापासून. मी वाट बघत होते. तिनं सोडला नाही. कुणीतरी तिचा खांदा सुधारला होता, आणि ती मी नव्हते. मला वाटलं होतं, हे बघून मला राग येईल."

शेवटचा भोवरा आला. पाय पाण्यावर उभे राहिले, सरळ, जणू कोणी दोन मेणबत्त्या रोवल्या. मग ते फिरू लागले. पाणी पोटऱ्यांवर चढले. खाली, जेथे आम्हाला काही दिसत नव्हते, तेथे तैसियाचा दम संपत आला होता. "काका, छातीत कुणी मूठ आवळतंय असं वाटलं," ती म्हणाली. "मनात आलं, सोडावं. मग आठवलं, दम माझा आहे असं मी सगळ्यांदेखत बोलून बसलेय."

काठावर रिम्माचे हात पाठीमागून केव्हाच पुढे आले होते. तिचे ओठ हलत होते. पोलिनाने ते शब्द ऐकले आणि त्यानंतर तिने ते कोणापासून लपविले नाहीत. आपल्या शिष्येच्या पहिल्या क्रमांकाच्या शेजारी उभी राहून रिम्मा म्हणत होती, "अजून एक, ताया. अजून एक. माझं पोर ते. अजून एक."

पाय घोट्यांपर्यंत फिरत गेले आणि बुडाले. पाण्यावर वलय देखील उमटले नाही.

मग ती वर आली, हसत, आणि सज्जा असा गर्जला, की कडेवरची आग्निया दचकून रडू लागली. परीक्षकांना वेळ लागला. तेवढा वेळ रिम्मा आणि पोलिना एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि कोण कोणाला धीर देत होते, हे मला ठरविता आले नाही. गुणफलक पालटला. तैसिया कोर्झाविना, प्रथम. अंतर बोटाच्या पेराएवढे, परंतु प्रथम ते प्रथमच.

पोलिना धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. "ताई, पुढच्या वर्षी मी तुम्हाला हरवीन."

"हरव. पण जिलेटिनचं पाकीट घेऊन ये."

संध्याकाळी स्वयंपाकघर पुन्हा भरले. सासूबाईंनी रस्सा ताटांत ओतून केव्हाच थिजविला होता.

"आई, त्यात ब्रश बुडला होता," क्लावदिया कळवळून म्हणाली.

"ब्रश नवा होता."

पोलिनाने पहिला घास घेतला, मोहरी लावून, आणि विचारपूर्वक चावला. "डोक्यावर होतं तेव्हा जास्त मिठाचं वाटत होतं," ती म्हणाली, आणि वोद्यान्निकोवबाई इतक्या हसल्या, की गालिच्याचे वैर तेथेच संपले.

परंतु मला जे सांगायचे आहे ते ह्यानंतरचे. लिंपलेले डोके धुवायचे राहिले होते, आणि ते कढत पाण्यानेच निघते. किटलीला वाफ आली. रिम्मा उठली, तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि बेसिनपाशी खुर्ची ओढली. तैसिया गळ्यातील पदक काढून, ते आग्नियाच्या हाती देऊन, वाकून बसली. रिम्माने किटलीतील पाण्यात थंड मिसळले, मनगटावर थेंब टाकून पाहिला, जसा बाळाच्या दुधाचा पाहतात, आणि हळूहळू ओतू लागली. काचेसारखे झालेले केस मऊ पडू लागले.

"फार कढत आहे का?" तिने विचारले.

सासूबाई सहा वर्षांच्या सवयीने वळल्या. "ताया, तुझी आई विचारतेय, पाणी फार—"

"आई, तू बस आता," रिम्मा म्हणाली. "मी तिला विचारलंय."

बेसिनमधून तैसियाचा आवाज आला, दाटलेला, कारण तिचे नाक खाली होते आणि त्यावर चिमटी नव्हती.

"बरोबर आहे, आई. ओत."

येथे हे प्रकरण संपते. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे आणि हात ओढबोटीच्या सुकाणूला सरावलेला. तेव्हा शब्दांत जेथे कोठे हेलकावा आला असेल तो माझा. आपण वेळात वेळ काढून आमच्या घरी एवढा वेळ बसलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. ताटात एक घास आपल्यासाठीही राखून ठेवला होता असे समजावे.

आपला विनम्र,
पँतेलेय येफिमोविच सुखानोव